राजा नीतिमान कोणाच्या लेखी?

हिब्रू शास्त्रातल्या 'राजे' या दोन ग्रंथांत जवळपास प्रत्येक राजाची नोंद एकाच साच्यातली आहे. तो कधी गादीवर आला, त्याने किती वर्षं राज्य केलं, यहूदाचा असेल तर बहुधा त्याचं तेव्हाचं वय काय आणि त्याची आई कोण, आणि मग निकाल: देवाच्या नजरेत हा चांगला वागला की वाईट. लढाया, किल्ले, व्यापार, मुत्सद्देगिरी यांना या निकालात फारशी किंमत नाही. अम्रीचंच पाहा. उत्तरेच्या इस्राएल राज्यात शोमरोन ही राजधानी त्याने वसवली. तो गेल्यानंतरही शंभरावर वर्षं अश्शूरी दरबार त्या राज्याला अम्रीचं घराणं म्हणूनच ओळखत होता. 1868 मध्ये सापडलेल्या मवाबच्या मेशा राजाच्या शिलालेखातही त्याचं नाव आहे. पण 'राजे'च्या लेखकाने त्याला सहा वचनांत गुंडाळलं आणि वाईट ठरवून पुढची वाट धरली.

शलमोनानंतर राज्याचे दोन तुकडे झाले. उत्तरेत एकोणीस राजे झाले, त्यांतला एकही निखळ चांगला नाही. येहूला थोडी शाबासकी मिळते, तीही पुढच्याच वाक्यात उणी होते. दक्षिणेत, यहूदात, अथल्या राणी धरून वीस जण गादीवर बसले. त्यांपैकी आसा, यहोशाफाट, योवाश, अमस्या, उज्जीया, योथाम, हिज्कीया आणि योशीया असे आठ जण चांगल्यांत मोजले गेले. या आठांतल्या सहांच्या नोंदीत एक 'पण' येतो: डोंगरमाथ्यावरची पूजास्थानं त्यांनी काढली नाहीत. 'पण' नसलेले दोघेच, हिज्कीया आणि योशीया. आणि या दोघांविषयीही ग्रंथ तेच सांगतो, की याच्यासारखा राजा आधी झाला नाही आणि नंतरही नाही. दोन्ही विधानं एकदम खरी असणं शक्य नाही. हे पुस्तक एका हाताने एका बैठकीत लिहिलेलं नाही, हे अभ्यासकांच्या ध्यानात येण्यामागे अशा विसंगतींचाही वाटा आहे.

मग नीतिमान राजा कोण? वेद्या पाडतो तो, की गरिबाला न्याय देतो तो? की ग्रंथापुढे मान तुकवतो तो? अडीच हजार वर्षं हा प्रश्न वाहत आला आहे, आणि त्याचा एक ओघ हैदराबादेतूनही गेला आहे. मराठी वाचकाला तो इथूनच गाठणं सोपं जावं.

1647 साली, अब्दुल्ला कुतुबशहाच्या राज्यात, हैदराबादेत सरमद नावाचा एक नग्न फकीर राहत होता. तो इराणकडचा, जन्माने यहुदी. यहुदी धर्मशास्त्र शिकून मग तो मुसलमान झाला, व्यापारासाठी सिंधमधल्या ठट्ट्याला आला आणि तिथे अभयचंद नावाच्या हिंदू तरुणावर जीव जडल्यावर सगळं सोडून, कपडेसुद्धा टाकून, फिरू लागला. अभयचंद त्याच्याजवळ हिब्रू शास्त्र शिकला. 'दबिस्तान-इ-मज़ाहिब' हा निरनिराळ्या धर्मांचा परिचय करून देणारा फारसी ग्रंथ. त्याच्या कर्त्याला यहुद्यांची माहिती हवी होती, ती त्याला हैदराबादेत सरमदकडून मिळाली. अभयचंदाने केलेला तोराच्या, म्हणजे यहुदी नियमशास्त्राच्या, आरंभीच्या अध्यायांचा फारसी अनुवाद त्याने आपल्या ग्रंथात घेतला. यहुदी गुरू, हिंदू शिष्य, फारसी भाषा आणि गोवळकोंड्याची राजधानी! हिब्रू शास्त्राचा दख्खनशी असा संबंध आला होता हे आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच भेटतं, याची मला फार हळहळ वाटते.

दबिस्तानकाराने सरमदचं एक म्हणणं टिपून ठेवलं आहे. नग्नतेवरून कोणी बोट ठेवलं तर तो यशया संदेष्ट्याचा दाखला देई: तोही अखेरच्या काळात वस्त्रं टाकून फिरत असे. दाखला खरा आहे. यशयाच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात तो तीन वर्षं उघडा आणि अनवाणी फिरल्याचं लिहिलं आहे. तेव्हा यहूदाच्या गादीवर होता हिज्कीया, म्हणजे आठांतल्या त्या दोघांपैकी एक. अश्शूरविरुद्ध मिसराच्या भरवशावर बंड करू नका, मिसरी लोकांचीच अशी उघडीनागडी धिंड निघणार आहे, हे राजाला आणि दरबाराला दिसावं म्हणून संदेष्ट्याने स्वतःच्या देहाची पाटी केली होती. सरमदने तेवढी नग्नता उचलली. तिचा रोख ज्या दरबाराकडे होता तो चांगल्या राजाचा दरबार होता, ही गोष्ट त्या उल्लेखात नाही. पण माझ्या मते आपल्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. या ग्रंथांत चांगल्या राजालाही सुनावणारा कोणीतरी लागतो.

सरमद ज्या हैदराबादेत राहिला ती हिज्कीयाच्या यरुशलेमेपेक्षा फार निराळ्या अवस्थेत नव्हती. 1636 मध्ये अब्दुल्ला कुतुबशहाने शाहजहानचं वर्चस्व लेखी मान्य केलं होतं आणि दरसाल दोन लाख होनांची खंडणी कबूल केली होती. मोठ्या साम्राज्याच्या कडेला असलेल्या छोट्या, संपन्न राज्याने मान किती वाकवायची आणि कधी ताठ करायची, हा पेच गोवळकोंड्याला 1687 पर्यंत पुरला. यहूदालाही तो दीडशे वर्षं पुरला. हिज्कीयाने मान ताठ केली आणि इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरचा सन्हेरीब चालून आला. सन्हेरीबाच्या लेखात सेहेचाळीस तटबंदीची गावं घेतल्याची आणि हिज्कीयाला त्याच्याच राजधानीत पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडल्याची फुशारकी आहे. खंडणीत सोनं तीस किक्कार, हा आकडा त्याच्या लेखात आणि 'राजे'त तंतोतंत जुळतो. चांदी मात्र इथे आठशे, तिथे तीनशे. लाखीशच्या वेढ्याची शिल्पं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हातपाय ताणून खुंट्यांना बांधलेले आणि सोलले जाणारे कैदी त्यांत दिसतात. यरुशलेम वाचलं हे खरं, पण बाकीचा देश उजाड झाला. 'राजे'चा लेखक वाचलेल्या शहरावर सगळा प्रकाश टाकतो आणि जळलेल्या गावांना एक वाक्य देतो. राजाला चांगला ठरवायचं म्हटलं की असं होतं, हे त्या लेखकाविषयी पूर्ण आदर ठेवूनही म्हणावं लागतं.

हिज्कीयाच्या काळाची दुसरी एक खूण मला अधिक मोलाची वाटते. वेढ्यात पाणी मिळावं म्हणून यरुशलेमेच्या खडकातून 533 मीटर लांबीचा बोगदा खोदला गेला. 1880 मध्ये पाण्यात खेळणाऱ्या मुलांना त्याच्या भिंतीवर कोरलेला लेख दिसला. दोन्ही टोकांकडून पाथरवट खोदत आले, तीन हात खडक उरला तेव्हा पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, मग कुदळीला कुदळ भिडली आणि पाणी वाहिलं, असं त्यात आहे. त्या काळच्या राजांचे लेख 'मी अमुक, मी तमुक' असे सुरू होतात. या लेखाच्या उरलेल्या भागात राजाचं नाव कुठेच नाही. कामकऱ्यांनी आपल्या कामाचा लेख लिहिला आणि हाकेचीही नोंद केली. हिज्कीयाच्या नावाचा मातीचा शिक्का यरुशलेमेत 2009 च्या उत्खननात निघाला आणि 2015 मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्याचा मोठा गाजावाजा झाला, आणि तो रास्तच होता. पण बोगद्यातली ती बिननावाची नोंद त्याहून खोल जाते.

हैदराबादेत दाऊद आणि सुलेमान, म्हणजे दावीद आणि शलमोन, ही नावं घराघरांत आहेत. हिज्कीया आणि योशीया ही नावं मात्र चर्चबाहेर कोणाला ठाऊक नसतात. कुराणात दाऊद-सुलेमान पैगंबर आहेत. हिज्कीया-योशीयांची नावं त्यात नाहीत. दख्खनच्या दरबारी फारसी कवितेत राजाला सुलेमानाची उपमा देणं हा तर नेहमीचा शिरस्ता होता. हिब्रू ग्रंथांत मात्र दाविदाची आणि शलमोनाची चित्रं निराळी आहेत. शलमोनाच्या शहाणपणाचं, मंदिराचं, वैभवाचं वर्णन झाल्यावर पहिल्या 'राजे'चा अकरावा अध्याय येतो आणि म्हातारपणी त्याचं मन फिरल्याचं स्पष्ट सांगतो. कुराण सुलेमानाला या दोषापासून मुक्त ठेवतं. दाविदाच्या बाबतीत दोन्ही परंपरांमध्ये एक मेंढी येते. कुराणात दाऊदच्या एकांतात भिंत चढून दोन वादी येतात. एकाजवळ नव्व्याण्णव मेंढ्या, तरी दुसऱ्याची एकुलती एकही त्याला हवी आहे. निवाडा देताना दाऊदच्या ध्यानात येतं की ही आपली परीक्षा होती, आणि तो क्षमा मागतो. शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात नाथान संदेष्टा दाविदाला श्रीमंताने लुबाडलेल्या गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगतो, दावीद संतापतो, आणि नाथान त्याला तोंडावर सांगतो की तो माणूस तूच. मागे उरीयाच्या बायकोचं आणि उरीयाच्या खुनाचं सगळं प्रकरण उघडं मांडलेलं आहे. कुराणात ते नाही. 'इतिहास' या नंतरच्या हिब्रू ग्रंथानेही ते वगळलं. म्हणजे लाडक्या राजाचा डाग पुसण्याची ओढ यहुदी परंपरेलाही होती. पण तिने पुसलेलं आणि न पुसलेलं अशी दोन्ही पुस्तकं एकाच शास्त्रात ठेवली. हा प्रामाणिकपणा मला त्या परंपरेतली सर्वांत थोर गोष्ट वाटतो.

राजाविषयीचा संशय तर राजा येण्याआधीच सुरू होतो. लोकांनी राजा मागितला तेव्हा शमुवेल संदेष्ट्याने त्यांना बजावलं की तो तुमची पोरं सैन्यात आणि रथापुढे पळायला नेईल, मुली स्वयंपाकाला नेईल, चांगली शेतं आणि द्राक्षमळे आपल्या माणसांना वाटील, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. 'अनुवाद' ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात राजाला मर्यादा घातल्या आहेत: घोडे फार बाळगू नयेत, बायका फार करू नयेत, सोनं-रुपं फार साठवू नये, आणि गादीवर बसल्यावर नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून घेऊन ती जन्मभर वाचावी. शलमोनाने पहिल्या तिन्ही मर्यादा ओलांडल्या, आणि वाचणाऱ्याच्या ते ध्यानात यावं म्हणूनच त्या घोड्यांची, बायकांची, सोन्याची मोजदाद 'राजे'त आली असावी.

या मर्यादांची खरी कसोटी नाबोथाच्या द्राक्षमळ्यात लागते. अहाब राजाला वाड्याशेजारचा तो मळा भाजीच्या वाफ्यांसाठी हवा होता. त्याने मोबदलाही देऊ केला, पण नाबोथ वडिलोपार्जित जमीन देईना. राजा तोंड फिरवून, जेवण टाकून पडून राहिला. मग ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडमार झाला आणि राजा मळ्यात उतरला, तर तिथे एलीया संदेष्टा उभा. ही कथा वाचताना मराठी वाचकाला रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' आठवेल. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या त्या ग्रंथात आरमारासाठी लाकूड लागलं तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये असं सांगितलं आहे. लोकांनी ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झालंच असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन तोडावं. अहाबाने द्रव्य देऊ केलं होतं. धनी राजी नव्हता, आणि तिथेच राजाची सत्ता संपायला हवी होती. राजनीतीच्या या दोन ग्रंथांत दोन हजारांवर वर्षांचं आणि दोन संस्कृतींचं अंतर आहे. तरी दोन्हीकडे राजाची नीती रयतेच्या झाडाशी आणि वेलीशी येऊन ठेपते.

आता योशीया. या प्रश्नावरचं गेल्या दोन शतकांतलं बहुतेक संशोधन त्याच्याभोवतीच फिरलं आहे. तो आठव्या वर्षी गादीवर आला. त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षी, इ.स.पू. 622 च्या सुमारास, मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला एक ग्रंथ सापडला. शाफान चिटणीसाने तो राजाला वाचून दाखवला आणि राजाने आपली वस्त्रं फाडली. ग्रंथ खरा की कसा, हे विचारायला माणसं गेली ती हुल्दा नावाच्या स्त्रीकडे, आणि तिचा शब्द अखेरचा मानला गेला. ग्रंथाला प्रमाण ठरवण्याची ही नोंदलेली पहिली घटना म्हणायला हरकत नाही, आणि तो निर्णय एका बाईने दिला! 1805 मध्ये जर्मनीत डे वेट्टे याने मांडलं की सापडलेला ग्रंथ म्हणजे 'अनुवाद' किंवा त्याचा गाभा, आणि तो फार जुना नसावा. एकाच जागी उपासना, हा त्याचा आग्रह योशीयाच्या मोहिमेशी नेमका जुळतो. 1943 मध्ये मार्टिन नोट याने पुढचं पाऊल टाकलं: 'अनुवाद'पासून 'राजे'पर्यंतचा सगळा इतिहास त्याच एका दृष्टीने रचलेला आहे. नंतर फ्रँक मूर क्रॉस याने सुचवलं की त्याची पहिली आवृत्ती योशीयाच्या काळातच, त्याला आदर्श ठरवण्यासाठी निघाली आणि दुसरी बाबेलच्या बंदिवासात. मला क्रॉसचं म्हणणं पटतं. हिज्कीयासारखा कोणी नाही आणि योशीयासारखाही कोणी नाही, या विसंगतीचा उलगडाही अशा थरांनी होतो.

जमिनीतून निघालेले पुरावे या मोहिमेविषयी संमिश्र आहेत. बैर-शेबा इथे शिंगांच्या वेदीचे दगड कोठाराच्या भिंतीत चिणलेले 1973 मध्ये सापडले. अराद इथल्या मंदिराच्या धूपवेद्या आडव्या करून पुरलेल्या निघाल्या. म्हणजे पूजास्थानं बंद झाली हे नक्की, पण ती बहुतेक हिज्कीयाच्या काळात. योशीयाच्या दरबारातल्या नाथान-मेलेख या अधिकाऱ्याचं नाव ग्रंथात एकदाच येतं. तेच नाव असलेला शिक्का यरुशलेमेत मिळाल्याचं 2019 मध्ये जाहीर झालं. तो तोच माणूस असण्याचा संभव बराच आहे.

पण योशीयाचं चांगुलपण मला सरळसरळ स्वीकारता येत नाही. त्याने बेथेलची वेदी फोडली, थडग्यांतली हाडं काढून तिच्यावर जाळली, आणि शोमरोनच्या गावांतल्या पूजास्थानांचे याजक त्यांच्याच वेद्यांवर मारले. 'राजे'चा लेखक हे सगळं पुण्य म्हणून लिहितो. देवळं, मशिदी, दर्गे आणि चर्च एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून असलेल्या हैदराबादसारख्या शहरात हे वाचणं जड जातं. निजामाच्या हैदराबाद राज्याच्या मराठी मुलखात, जालन्याजवळ, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती झालेल्या गोरगरिबांसाठी गाव वसवलं आणि त्याला नाव दिलं बेथेल. त्यांच्या मनात याकोबाचं बेथेल होतं, दगड उशाला घेऊन झोपलेल्या परागंदा माणसाला जिथे आभाळापर्यंतची शिडी दिसली ते. राजाने उद्ध्वस्त केलेलं बेथेल आणि बेघराला दिलासा मिळालेलं बेथेल, दोन्ही एकाच शास्त्रात आहेत. शेषाद्रींनी काय निवडलं ते पाहण्यासारखं आहे.

योशीयाच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष 'राजे'त नाहीच. ती यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. योशीयाचा मुलगा यहोयाकीम गंधसरूच्या फळ्यांनी मढवलेला, हिंगुळी रंगाचा प्रशस्त वाडा बांधत होता आणि मजुरांना मजुरी देत नव्हता. यिर्मया त्याला विचारतो की गंधसरूत वरचढ ठरलास म्हणून तू राजा झालास का? तुझा बापही खात-पीत होताच, पण त्याने न्याय केला, दीनदुबळ्यांची बाजू लावून धरली. देवाला ओळखणं म्हणजे हेच. वेद्या, हाडं, डोंगरमाथ्यावरची पूजास्थानं यांचं तिथे नावही नाही. योशीयाला पाहिलेल्या माणसाची ही साक्ष आहे, आणि ती वेगळ्याच मापाने मोजते. निजामाच्या तेलंगणात वेट्टी म्हणून बिनमजुरीची राबणूक चालत होती आणि 1946 पासूनच्या शेतकरी उठावामागे तीही एक आग होती. त्या मुलखात यिर्मयाचा हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. खुद्द शलमोनाचं राज्यही वेठीच्या ओझ्यानेच दुभंगलं. ओझं हलकं करा अशी विनंती घेऊन आलेल्या लोकांना त्याचा मुलगा रहबाम याने विंचवांचा धाक घातला, आणि दहा वंश निघून गेले.

यहोयाकीमचंच आणखी एक चित्र आहे. यिर्मयाचे शब्द बारूखाने गुंडाळीवर लिहून घेतले होते. ती आधी वाचली गेली शाफान चिटणिसाच्या मुलाच्या, गमऱ्याच्या दालनात, म्हणजे ज्याने योशीयाला ग्रंथ वाचून दाखवला त्याच घराण्यात. त्याच्या नावाचा शिक्काही 1980 च्या दशकातल्या उत्खननात यरुशलेमेत सापडला आहे. मग गुंडाळी राजापुढे गेली. नववा महिना, हिवाळी महाल, समोर शेगडी पेटलेली. वाचणारा तीन-चार रकाने वाचून थांबला की राजा चिटणिसाच्या चाकूने तेवढा तुकडा कापून शेगडीत टाकी. असं करत अख्खी गुंडाळी जळाली. गमऱ्याने आणि आणखी दोघांनी जाळू नका म्हणून विनवलं, पण कोणी वस्त्रं फाडली नाहीत. यिर्मयाने बारूखाला पुन्हा बसवलं आणि सगळं पुन्हा लिहून घेतलं, भर घालून. बापाने ऐकलेला ग्रंथ आणि मुलाने जाळलेला ग्रंथ या दोन प्रसंगांत नीतिमान राजाची जेवढी व्याख्या आहे, तेवढी त्या साचेबंद निकालांत मला सापडत नाही.

चांगल्याला चांगलं फळ, हा हिशेबही या ग्रंथांना जुळवता आलेला नाही. योशीया शांतपणे पूर्वजांना जाऊन मिळेल असं हुल्दा म्हणाली होती, इ.स.पू. 609 मध्ये मगिद्दोला फारो नखोच्या हातून तो मारला गेला. 'राजे'ने एका वाक्यात हे सांगून टाकलं. 'इतिहास'कर्त्याला ते सहन होईना. त्याने लिहिलं की नखोच्या तोंडून देवच बोलत होता आणि योशीयाने ऐकलं नाही. हिज्कीयाचा मुलगा मनश्शे याची गोष्ट याच्या उलटी. 'राजे'च्या मते सर्वांत वाईट राजा तोच, आणि राज्य केलं त्याने पंचावन्न वर्षं, सगळ्यांत जास्त. 'इतिहास'ने त्याला बेड्या घालून बाबेलला नेलं, पश्चात्ताप करायला लावला आणि परत आणलं. अश्शूरी लेखांत तो मुकाट खंडणी भरणारा मांडलिक दिसतो. हिज्कीयाच्या ताठ मानेनंतर जळलेली गावं त्याच्या वाकलेल्या मानेमुळे पुन्हा वसली असणार, पण त्याचं श्रेय त्याला कोणी दिलं नाही. 'इतिहास'चं हे सारं रफू कधी केविलवाणं वाटतं, तरी त्या ग्रंथाने काही चांगल्या गोष्टी जपल्या. गावोगाव नियमशास्त्र शिकवायला माणसं धाडणारा आणि न्यायाधीशांना लाच घेऊ नका म्हणून बजावणारा यहोशाफाट तिथेच भेटतो, आणि रानात टाकी खोदणारा, मातीवर प्रेम असलेला उज्जीयाही तिथेच.

मराठीत ही पुस्तकं आली ती मिशनऱ्यांच्या हातून. विल्यम कॅरीच्या सेरामपूर छापखान्यातून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, मग मुंबईच्या मिशनांकडून. जॉन विल्सनने 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं ते मुख्यतः बेने इस्राएलांसाठी, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांसाठी. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून एकहाती पुरं केलेलं बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झालं. शास्त्रं बाईने वाचावीत का, यावर जिथे रणं माजत होती तिथे एक बाई हुल्देची गोष्ट मुळातून मराठीत आणत होती.

पण त्याआधी कित्येक शतकं कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल हिब्रू ग्रंथांवाचूनच आपला धर्म सांभाळत होते. त्यांनी कोणाला जवळ धरलं? हिज्कीयाला नव्हे, योशीयालाही नव्हे. त्यांनी धरलं एलीयाला, एलियाहू हन्नाबीला. नवस त्याला, शुभकार्याआधी मलिदा त्याला: गूळ-खोबरं घातलेले पोहे, भोवती फळं, आणि त्याच्या नावाची गाणी. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात. लग्नाआधी तिथे जाणारी मराठी यहुदी कुटुंबं आजही आहेत. एलीया म्हणजे नाबोथाच्या मळ्यात राजाची वाट अडवून उभा राहिलेला माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेने इस्राएलांनी कीर्तन आपलंसं केलं, दाविदाची आख्यानं मराठी चालींत गाइली, पण घरातल्या नवसाला मान राहिला तो संदेष्ट्याचाच. परक्या राजांच्या छायेत राहणाऱ्या समाजाने राजाला जाब विचारणारा निवडावा, यात मला फार मोठं शहाणपण दिसतं. सरमदनेही दाविदाचा किंवा शलमोनाचा हवाला न देता यशयाचा दिला. पुढे दिल्लीत दारा शुकोहचा स्नेही म्हणून आणि पाखंडी म्हणून औरंगजेबाच्या अमदानीत त्याची मान उडवली गेली. जामा मशिदीजवळ त्याची कबर आहे.

'राजे' आणि 'इतिहास' यांचे शेवट निरनिराळे आहेत. 'राजे' संपतं बाबेलमध्ये. कैदेतून सुटलेला यहोयाखीन राजा परक्या राजाच्या पंक्तीला जेवतो आहे, त्याला रोजचा शिधा बांधून दिला आहे. बाबेलच्या मातीच्या पाट्यांवर यहूदाच्या राजाला आणि त्याच्या पाच मुलांना दिलेल्या तेलाचा हिशेब खरोखर सापडला आहे. 'इतिहास' संपतं पारसाचा राजा कोरेश याच्या फर्मानाने: ज्याला यरुशलेमेला जायचं असेल त्याने जावं. हिब्रू शास्त्राच्या छापील क्रमात 'इतिहास' अगदी शेवटी येतं, त्यामुळे त्या शास्त्रातला शेवटचा चांगला राजा दाविदाच्या वंशाचा नाही, त्या धर्माचाही नाही. यशयाच्या पुस्तकात तर त्याला देवाचा अभिषिक्त म्हटलं आहे. 1879 मध्ये बाबेलला सापडलेली कोरेशाची मृत्तिकाशिला 2013 च्या अखेरीस मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडली होती. तिच्यावर यरुशलेमेचं नाव नाही, यहुद्यांचंही नाही. त्याला नीतिमान ठरवलं ते घरी परतलेल्यांनी.